एकोणीसशे किलोंची जागा

३ जानेवारी

प्रिय इन्स्पेक्टर,

रविवारी तुझा फोन येतो आणि चुकून मी उचलला, तर तू "आईला द्या" म्हणतेस. दोन वर्षांत आपलं बोलणं झालं ते एवढंच. तक्रार नाही. पण एक प्रश्न असा आलाय की तो आईच्या देखत विचारता येत नाही, म्हणून पत्र. कागद एकच आहे आणि पाठपोट लिहितोय, तेव्हा वजनावरून बोलू नकोस.

तिची फुप्फुसं कडक होत चाललीत हे तुला माहीत आहे. गेल्या महिन्याच्या अठरा तारखेला घरात ऑक्सिजनचं मशीन आलं हे तिने तुला सांगितलंय का, मला ठाऊक नाही. सांगितलं नसेल तर माझ्याकडून कळलं असं दाखवू नकोस. गुडघ्याएवढा चाकांचा डबा आहे. खोलीतली हवा ओढतो, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढतो आणि नळीने नाकात सोडतो. डॉक्टरांनी रोज सोळा तास सांगितलेत. आज दहा आणि उद्या बावीस असं चालणार नाही, हेही बजावलंय, कारण आईचा चेहरा बघून त्यांना तिचा स्वभाव कळला असावा.

परवा, एक तारखेला, मी नवी वही उघडली. पहिल्या पानावर तुझ्या अक्षरातले नियम जुन्या वहीतून कापून चिकटवले. माणशी वर्षाला दोन टन कार्बन. उरलेलं पुढच्या वर्षात जात नाही. सूट कशालाच नाही. आणि शेवटचा, ज्याखाली आपण तिघांनी सह्या केल्या: तू तुझ्या दोन टनांत तिकडे राहायचं, आणि आम्हा दोघांच्या चार टनांतून एकोणीसशे किलो उरले तरच त्यावर विमानाने येऊन जायचं. पहिल्या वर्षी आम्ही सहाशेने कमी पडलो. गेल्या वर्षी दोनशे दहाने. यंदा मात्र अंदाज मांडला आणि सगळं जाऊन बरोब्बर एकोणीसशे उरत होते. मग मी मशीन मांडलं. साडेतीनशे वॉट, रोज सोळा तास, तुझ्या तक्त्याप्रमाणे युनिटला नऊशे ग्रॅम.

आई समोर मटार सोलत बसली होती.

"मशीनचे किती?"

"अठराशे चाळीस."

"महिन्याचे?"

"वर्षाचे गं. महिन्याचे असते तर आपण कारखाना म्हणून नाव नोंदवलं असतं."

"आणि ती येऊन गेली तर एकोणीसशे."

"तुला पाठ आहे की."

"मग राहिले किती?"

"साठ."

ती हसली. "साठ किलोत ती विमानाच्या शिडीपर्यंत येईल," म्हणाली आणि सोलत राहिली.

तर प्रश्न असा. औषधपाणी मोजायचं की नाही? "सूट कशालाच नाही" हे तू माझ्यासाठी लिहिलंस, मी चहाला सूट मागितली, पेपरला मागितली, स्कूटरला मागितली म्हणून. त्यात आईचं मशीन येतं का? एका शब्दात कळव. पोस्टकार्ड चालेल.

मी घाबरलोय असं समजू नकोस. पण मशीनचा एक आवाज असतो, घुर्र करून ओढल्यासारखा आणि मग फुस्स. तो थांबला की मी हातातलं टाकून उठतो.

तुझे बाबा


५ फेब्रुवारी

प्रिय इन्स्पेक्टर,

पोस्टकार्ड आलं नाही. टपाल हल्ली फार रेंगाळतं.

जानेवारीचा हिशेब मात्र तुला दाखवण्यासारखा आहे. महिन्याला दोनशे नव्वद युनिट धरले होते. मीटरवर पडले एकशे पंचवीस! म्हणजे एकशे अठ्ठेचाळीस किलो वाचले. मी गिझर बंद केलाय, हे तुला आईने सांगितलंच असेल. गार पाण्याने आंघोळ करतो. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई परवा जिन्यात म्हणाल्या, "काका, तुमची आंघोळ सात वीसला असते ना? अख्खी बिल्डिंग त्यावर घड्याळ लावते." मी ओरडतो असं त्यांचं म्हणणं आहे. मी ओरडत नाही, श्वास सोडतो.

लिफ्टही सोडली. चौथ्या मजल्यावर येईपर्यंत दोनदा थांबतो, पण थांबायला काही किलो पडत नाहीत.

आईची तब्येत बरी आहे. रविवारी फोनवर तिचा आवाज खणखणीत होता की नाही? मी बाहेरच्या खोलीतून ऐकत होतो. मी आता बाहेरच्याच खोलीत झोपतो. मशीनच्या आवाजाने तुमची झोपमोड होते, असं तिनेच ठरवलं आणि माझी गादी उचलून दिली. दार लावून घेते, म्हणजे मला त्रास नको. मशीन व्यवस्थित चालू आहे. तिने नळी लावलेली मी रोज बघतो. बाजारातून येतो तेव्हा लावलेली असते, पेपर वाचून उठतो तेव्हा लावलेली असते.

ओठ थोडे निळसर दिसतात. थंडी आहे. बोटाला लावायचा तो चिमटा, ज्यात रक्तातला ऑक्सिजन दिसतो, त्यात परवा शहाऐंशी आले. डॉक्टरांनी नव्वदच्या वर सांगितलेत. चिमट्याचा सेल उतरला असेल. मी सेल बदलला. मग सत्याऐंशी आले, म्हणजे बघ, सेलचा फरक पडतो.

काल ती बशी ठेवायला फळीपर्यंत गेली आणि परत येऊन खुर्चीत बसली ती बराच वेळ काही बोललीच नाही. हाताने फक्त "थांबा" अशी खूण करत होती. मी म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ. तर म्हणाली, टॅक्सीचे किती किलो?

हे विनोदाने म्हणाली. मी हसलो.

औषधाचं काय ते कळव.

तुझे बाबा


१५ मार्च

बाळ,

हे पत्र मी लायब्ररीत बसून लिहितोय. घरी लिहिता येत नाही. तुला कळवणार नाही अशी शपथ आईने माझ्याकडून घेतलीय, आणि शपथेला चोवीस तासही झालेले नाहीत.

काल मशीनवाले गृहस्थ आले. तीन महिन्यांनी जाळी धुवायला आणि तपासणीला येतात. माझ्याच वयाचे असतील, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी मशीन उलटं करून मागचा आकडा वाचला. मशीन किती तास चाललं ते त्यावर आपोआप पडतं, आपल्या गाड्यांच्या किलोमीटरसारखं. दोनदा वाचला. मग आईला म्हणाले, "ताई, हे तुम्ही वापरता की पाहुण्यांना दाखवायला ठेवलंय?"

पाचशे चौदा तास. सत्याऐंशी दिवसांचे व्हायला हवे होते तेराशे ब्याण्णव.

ते काय ते समजले. जाळी घाईघाईने बसवली, चहाला नको म्हणाले आणि गेले. आई सोफ्यावर बसून नळी बोटाभोवती गुंडाळत होती आणि सोडत होती.

"डिसेंबरात पूर्ण लावत होतीस," मी म्हटलं. आकडा तेच सांगत होता. "कधीपासून?"

"तुम्हीच काढा की. तुम्हाला येतं."

"मी अठराशे चाळीस म्हटलं त्या दिवसापासून."

"तुम्ही बाजारात गेलात की बंद. लायब्ररीत गेलात की बंद. तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपलात की बंद. चपलांचा आवाज आला की चालू." मग जरा थांबली, कारण एवढं सलग बोलणं तिला झेपत नाही. "रोज चार तास लावतेच हो. अगदीच काही उपाशी नाही ठेवलं."

"रविवारी?"

"रविवारी फोनच्या आधी अर्धा तास लावते. तिला आवाज बरा ऐकू यायला हवा."

तुला जो आवाज ऐकू येत होता तो असा यायचा.

तिने साठवलेला आकडाही तिच्याकडे तयार होता. कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने. पावणेतीनशे किलो. मी पडताळून पाहिला, दोनशे शहात्तर येतात, म्हणजे तिने माझ्यासारखं ओढूनताणून वर नेलं नाही, खालीच धरलं. म्हणाली, असंच चाललं तर वर्षअखेरीला तुझी जागा होते.

मी चिडलो. तुला माझं चिडणं माहीत आहे. म्हटलं, ही काय सोन्याची बांगडी आहे का वाचवून ठेवायला? श्वास आहे तो! ती शांतपणे म्हणाली, "तिने शब्द दिलाय. तोही तुमच्यासमोर. तो मोडून ती आली, तर जन्मभर तुमच्यापुढे मान खाली घालून वावरेल. तिने जिंकून यायला हवं."

"आणि तू?"

"मी कुठे जातेय? सोफ्यावर तर बसलेय."

त्या दिवशीचं जेवणाचं टेबल मला आठवतंय, तसं तुलाही आठवत असणार. तू म्हणालीस, "आईच्या फुप्फुसात तुमची नोकरी जाऊन बसलीय, बाबा." कोळशाच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत आपण एकवीस वर्षं राहिलो. दोरीवरचे कपडे काढताना आई आधी झटकायची, राख पडायची. ती राखच कारण आहे असं कोणताही डॉक्टर लिहून देत नाही. पण नाही असंही कोणी म्हणत नाही. मला ते वाक्य झोंबलं. म्हणून मी म्हटलं, बोलायला काय जातं, दोन टनांत वर्षभर राहून दाखव आणि मग मला शिकव. तू उठून वही आणलीस. लहानपणी घरभर दिवे मालवत हिंडायचीस, तेव्हा तुझं नाव मी इन्स्पेक्टर ठेवलं होतं. मला वाटलं, चार दिवसांचा खेळ आहे.

काल मी आईकडून कबूल करून घेतलं की सोळा तास लावायचे. त्या बदल्यात तिने माझ्याकडून शपथ घेतली. तुला कळलं तर नळीला हात लावणार नाही म्हणाली. आज सकाळपासून मी तिच्या समोरची खुर्ची सोडली नव्हती. आत्ता शिक्षिकाबाईंना बसवून आलोय, एका तासासाठी. आणि इथे बसल्याबसल्या मला भीती वाटतेय की त्या बाई तिच्याशी गप्पा मारतात, आणि आईचं बोलून माणसाला गुंडाळणं त्यांना कुठे माहीत आहे.

आईला माझं पत्र आल्याचं सांगू नकोस.

बाबा


२ एप्रिल

बाळ,

हे पोस्टात टाकत नाही. शिक्षिकाबाई फोनवर फोटो काढून पाठवणार आहेत. मागच्या महिन्यात तू आईला म्हणालीस, "बाबांची पत्रं आलीत, वाचेन कधीतरी." तिने ते मला जसंच्या तसं सांगितलं. फोटोला पाकीट नसतं, म्हणून हे तरी वाचशील. वाचून झाल्यावर ती तीन उघड, तारखेप्रमाणे.

आई सहा दिवस हॉस्पिटलमध्ये आहे. २७ तारखेला सकाळी ओट्याशी उभी होती. मी शेजारच्याच खुर्चीत होतो, चार हातांवर. ती वळली आणि मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि आवाजच आला नाही. राग आल्यासारखा चेहरा झाला तिचा. मग खाली बसली. पडली नाही, बसली, फरशीवर, आणि माझ्याकडे बघत राहिली. अँब्युलन्स यायला अकरा मिनिटं लागली. त्या मिनिटांत मी काय करत होतो सांगतो. तिचे श्वास मोजत होतो. मिनिटाला चौतीस, मग अडतीस, मग बेचाळीस. मला दुसरं काही करता येत नाही.

रविवारी तू फोन केलास, "आईला द्या" म्हणालीस आणि मी "झोपलीय" म्हणून ठेवून दिला. ती तेव्हा काचेच्या पलीकडे होती आणि तोंडावर मास्क होता.

आज मास्क काढून पुन्हा नळीवर आणलंय. डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या की आता सोळा नाही, चोवीस तास. झोपेत, जेवताना, आंघोळीला, सगळीकडे. पुन्हा महिनोन्‌महिने उपाशी ठेवलंत तर हृदय थकेल, आणि मग माझ्याकडे आणूनही उपयोग नाही. "ठेवलंत" म्हणाल्या. अनेकवचनी. मला बोलल्या की आम्हा दोघांना, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कारण त्यांचं बरोबर आहे. आता ते लिहितो. तीन पत्रं ज्याच्या भोवती मी फिरतोय ते.

गिझर बंद करून महिन्याला पस्तीस युनिट वाचतात. जास्तीत जास्त चाळीस. मी तुला एकशे पासष्ट वाचले म्हणून लिहिलं. वरचे एकशे तीस कुठून आले हे कोणत्याही शिकाऊ ऑपरेटरने विचारलं असतं. मी तीस वर्षं त्याच खुर्चीत बसलोय. मला जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच दिसलं होतं. एके दिवशी दुपारी बाजारातून आलो, आई नळी लावून बसलेली, मशीन घुर्र करत होतं. मी डब्यावर हात ठेवला. ही आमची जुनी सवय, काट्यावर विश्वास ठेवायच्या आधी हाताने बघायचं. सकाळपासून चाललेलं मशीन गरम लागतं. ते गार होतं.

मी हात काढला आणि भाजी निवडायला घेतली.

आमच्याकडे रात्रपाळीत एक रोग असायचा. एखादा काटा विचित्र दाखवू लागला की काही जण मागच्या तासाचा आकडा पुढे उतरवायचे आणि पहाटेच्या पाळीवर सोडून द्यायचे. मी अशा दोघांना नोकरीवरून काढायला लावलंय. आणि घरात मी तेच केलं. दोन महिने. वहीत "गिझर" असं लिहून तिच्या श्वासाचे किलो त्या रकान्यात टाकत राहिलो. मशीनवाल्यांनी आकडा वाचला तेव्हा मी जो चिडलो, त्यातलं निम्मं चिडणं पकडलो गेल्याचं होतं.

का, ते तू विचारशील. मलाही तू यायला हवी होतीस. आई म्हणत होती तसं होत होतं, जागा होत होती. मी स्वतःशी म्हणायचो, अजून पंधरा दिवस बघू. तुला "ये" म्हणून लिहायला एक ओळ पुरली असती. त्या टेबलावर जे म्हणालो ते मागे घ्यायला दुसरी ओळ. त्या दोन ओळींपेक्षा मला तिने नळी काढणं सोपं वाटलं. आता वाचताना तुला माझी जेवढी घृणा येईल तेवढी येऊ दे, पण पुढचं वाच.

ती शुद्धीवर आल्यापासून मला खुणेने विचारतेय, हॉस्पिटलचे किती झाले? बोटाने हवेत आकडे काढते. घरी गेली की ती पुन्हा तेच करणार. मी चोवीस तास जागा राहू शकत नाही. वही मी टाकून देईन, पण नियम वहीत नाहीत, तिच्या डोक्यात आहेत, आणि तुझ्या अक्षरात आहेत. तू खोडलेस तरच खोडले जातील.

मी हरलो, असं समज आणि खोड.

बाबा


९ एप्रिल, दुपार

बाळ,

हेही फोटो काढूनच येईल. नीट वाच. पुन्हा एकदा वाच. विमानात बसायच्या आधी पाठ कर आणि मग फोनमधून काढून टाक.

त्या दिवशी तू तासाभरात मला फोन केलास. दोन वर्षांनी बोललो आणि बोललो काय, तर तिकडे पाऊस आहे का आणि डॉक्टरीणबाई किती शिकलेल्या आहेत. चालेल. मी घृणेची तयारी करून बसलो होतो, त्यामानाने फारच चाललं.

आता घरचं ऐक. काल आईला आणलं. नवी लांब नळी आहे, स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. संध्याकाळी तुझा तिला फोन आला. औषधं मोजायची नसतात, नियम खोडला, तिकीट काढलंय, शनिवारी पोहोचते, असं तू म्हणालीस. ती "बरं झालं हो बाई" म्हणाली, हसली, फोन ठेवला. आणि दोन्ही कानांमागून नळी सोडवून मांडीवर ठेवली.

"अगं!"

"एकोणीसशे आहेत," ती म्हणाली. "आता जागा करायला हवी."

"तिने नियम खोडला ना आत्ता? तू ऐकलंस ना?"

"माझ्यासाठी खोडला. म्हणजे मी तिला हरवलं."

चिमटा नव्वद दाखवत होता. मी म्हटलं, हरलो मी, तिला नाही, मला हरवलंस. ती म्हणाली, "तुम्ही कधीपासून हरायला लागलात? तुम्ही दया करताय. तिला ते कळेल. दारात पाऊल टाकल्या टाकल्या कळेल." अठ्ठ्याऐंशी. मी नळी घेऊन तिच्या नाकाशी नेली, तिने तोंड फिरवलं, औषध नको म्हणणाऱ्या पोरीसारखं. पंच्याऐंशी. मी पाया पडायचा तेवढा राहिलो होतो. चौऱ्याऐंशी. तिची नखं माझ्या डोळ्यांदेखत रंग बदलत होती, आणि ती माझ्याकडे इतक्या मायेने बघत होती की मला ओरडावंसं वाटत होतं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, पण ती विमानाने येतच नाहीये."

तू फोनवर विमान हा शब्द उच्चारला नाहीस, हे तुझे उपकार आहेत माझ्यावर.

तर आता तू जहाजाने येते आहेस. मालवाहू जहाज आहे, त्यावर चार-पाच उतारूंना खोल्या असतात. जहाज मालासाठी निघणारच होतं, तू कोपऱ्यात बसलीस इतकंच. तिकडून बंदरापर्यंत रेल्वे, इकडे बंदरापासून रेल्वे. सगळे मिळून एकशे साठ किलो. तू निघालीस चोवीस मार्चला. कळवायचं नाही, आईला एकदम दारात उभं राहून चकित करायचं, असं तुझं ठरलं होतं, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. दोन रविवार तिला फोन आला नाही तो त्यामुळे, समुद्रात रेंज नसते. कालचा फोन तू मधल्या बंदरातून केलास, राहवलं नाही म्हणून. तारखा मी तीनदा जुळवून पाहिल्यात. बसतात.

तिने एकच प्रश्न विचारला. "चोवीसला म्हणजे मी आजारी पडायच्या आधीच निघाली?"

"आधीच."

"दोनशे शहात्तर होते तेव्हा."

"ते पुरले तिला. उरले उलट."

बेचाळीस वर्षांत मला तिच्याशी एकदाही नीट खोटं बोलता आलेलं नाही. साखरेच्या डब्यापासून सगळीकडे पकडला गेलोय. तिला पटलं की नाही हे मी तुला सांगू शकत नाही. तिने नळी उचलली आणि लावली, एवढं सांगू शकतो. काल संध्याकाळपासून काढलेली नाही. आता ब्याण्णव आहेत.

वहीत मी नोंद करून ठेवलीय, जहाज व रेल्वे, एकशे साठ. ती बघायला मागेल म्हणून. आयुष्यात खोटा आकडा लिहिला नाही असं म्हणणार होतो, पण तुला आता ते माहीत आहे.

तेव्हा हे सांभाळ. बॅगेला विमानाची चिठ्ठी अडकवतात ती फाडून टाक, दोऱ्यासकट. सकाळी उतरलीस तरी लगेच घरी येऊ नकोस, गाडी दुपारी पोहोचते असं सांगितलंय. दोन-तीन बंदरांची नावं बघून ठेव. कपडे इस्त्रीचे नकोत. आणि आल्यावर माझ्याशी भांडायचं असेल तर दोन दिवस थांब, कारण तू जिंकून येते आहेस, आणि जिंकलेली माणसं पहिल्या दिवशी भांडत नाहीत. खरं काय ते तिला कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते तू तिच्याजवळ बसून ठरव. मी त्यात पडणार नाही. माझा ठरवण्यावरचा हक्क जानेवारीतच गेला.

मला भीती वाटतेय, बाळ. शनिवारपर्यंत दोन दिवस आहेत. ती दर थोड्या वेळाने काहीतरी विचारते आणि मला उत्तर तयार ठेवावं लागतं. जहाजावर जेवण कसलं? खोलीला खिडकी असते का? एकटीच बाई आहे का? एक उत्तर चुकलं तर तिचा हात कानामागे जाईल. मी ही उत्तरं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतोय, म्हणजे तुझी आणि माझी वेगळी पडायला नकोत. खिडकी आहे, गोल. बाई तू एकटीच, पण कप्तान म्हातारे आणि सज्जन.

आत्ताच तिने आतून हाक मारली. "अहो, तिला बोट लागत असेल हो? लहानपणी बसमध्येसुद्धा उलट्या करायची."

मी म्हटलं, लागली, पहिले चार दिवस तर काही खाल्लंच नाही म्हणाली.

"बघा," ती म्हणाली, "माझ्यासाठी किती हाल काढले पोरीने." आणि आता तिने शिक्षिकाबाईंना लिंबं आणायला पाठवलंय.

तेव्हा शनिवारी दारातून आत येशील ती जरा डगमगत ये.

बाबा